शिकाऊ उमेदवारी : कारखान्यात शिकण्याचा इतिहास

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीच्या शोधात निघालेल्या तरुणाने उद्योगातले काम कोठे आणि कोणाकडून शिकावे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. अनाथ आणि गरीब मुलांना करार करून कारागिराच्या हाताखाली ठेवावे, म्हणजे ती हुन्नर शिकून पोटापाण्याला लागतील, या हेतूने 1850 साली शिकाऊ उमेदवारांसाठी एक कायदा झाला होता. पुढे 1887 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि 1890 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन उभे राहिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये सूत-कापड गिरणीचा पाया घातला आणि यंत्रावर काम करणाऱ्या हातांची गरज इथेही निर्माण झाली.

तरीही कोल्हापूरच्या आपल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कितीतरी काळ खरी शाळा होती ती मिस्त्रींच्या शेजारी उभे राहण्याची. धातूच्या ओतकामात साच्याची वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा ओळखायचा, कारण वाळूत पाणी जास्त झाले तर वितळलेल्या धातूचा रस ओतताच वाफ कोंडते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतून घडवलेल्या वस्तूला, छिद्रे पडतात. ही जाण वर्गात बसून येत नाही. मात्र या पद्धतीत मिस्त्री सांगतील तेवढेच मुलाच्या पदरी पडे, आणि दुसऱ्या कारखान्याच्या दारात दाखवायला त्याच्याजवळ एकही कागद नसे.

ही उणीव सरकारी पातळीवर भरून निघू लागली ती दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने. युद्धसामग्रीसाठी तंत्रज्ञ हवे होते म्हणून 1940 पासून प्रशिक्षणवर्ग निघाले. युद्ध संपताना, 1945 मध्ये, परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी आणि रोजगारासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले आणि 1950 मध्ये त्याच्याच अखत्यारीत कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था या योजनेतून वाढल्या, आणि 1956 मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. फिटरच्या वर्गातला मुलगा लोखंडाचा ठोकळा कानशीने घासतो, गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून तो उजेडासमोर धरतो आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायला घेतो. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातूनच मापाची शिस्त अंगी बाणते, असे माझे ठाम मत आहे.

संस्थेतले शिक्षण कारखान्याशी जोडले ते 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने. त्यातले अठरावे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे ते स्पष्ट सांगते. या एका वाक्याला दोन बाजू आहेत : मालकावर शिकवण्याची जबाबदारी येते, पण कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्या मुलाला मिळत नाही. शिकवणे बाजूला राहिले, तर विद्यावेतनावर राबणारा स्वस्त मजूर एवढेच त्या मुलाचे स्थान उरते, आणि ही भीती काल्पनिक नाही.

महाराष्ट्रात 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सुरुवातीला सहा महिन्यांचा कालावधी होता आणि शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ व दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. घरच्या अडचणींमुळे शिक्षण सोडावे लागलेल्या मुलांना हा आधार मोलाचा आहे. पण टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्रावर काम करणाऱ्याचा, हात सहा महिन्यांत तयार होत नाही, तोवर यंत्राशी नुसती ओळख होते.

म्हणून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत उमेदवारीसाठी जाणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी करारावर सही करण्यापूर्वी, विद्यावेतनाच्या आकड्याबरोबरच, शिकवणारा माणूस कोण, कोणकोणत्या यंत्रांवर हात बसवू देणार आणि सैद्धान्तिक तासांसाठी वेळ मोकळा ठेवणार का, हेही निःसंकोच विचारावे. कायद्यानेच त्यांना तो हक्क दिलेला आहे.