दासीचं नाव तारा

मित्रहो, चीन-तैवानमधल्या अल्पसंख्य समाजांचं साहित्य मराठीत आणताना नावांचं काय करायचं, यावर आज बोलायचं आहे. सुरुवात माझ्या एका फजितीनं करते. एका चिनी कथेच्या इंग्रजी भाषांतरावरून काही पानं मराठीत आणत होते. त्यात एक तिबेटी तरुण होता. त्याच्या नावाचं स्पेलिंग असं: झेड, एच, ए, एक्स, आय. मी 'झाशी' लिहून मोकळी झाले. झाशी चहा पितो, झाशी याक हाकतो. चौथ्या पानावर शंका आली आणि शोधलं, तर तो निघाला ताशी. ताशी म्हणजे मंगल, शुभ. लडाख-सिक्कीममुळे आपल्या चांगल्या ओळखीचं नाव. (मराठीत 'ताशी' म्हटलं की पुढे 'साठ किलोमीटर' येतं, त्याला माझा इलाज नाही.)

हे झालं कसं? तिबेटी नाव चिनीत लिहायचं तर त्याला चिनी अक्षरांच्या मापात बसावं लागतं. मग त्या अक्षरांचा चिनी उच्चार रोमन लिपीत जातो. तिथून मी उचलते. म्हणजे पुस्तक माझ्या टेबलावर येईपर्यंत ताशीचं दोनदा भाषांतर झालेलं होतं, आणि तिसऱ्यांदा मी त्याला राणी लक्ष्मीबाईंच्या गावी पाठवलं.

चीनचं सरकार देशात ५६ लोकसमूह मानतं, त्यांना 'मिन्झू' म्हणतं. त्यातले हान साधारण ९१ टक्के, उरलेले ५५ अल्पसंख्य. या 'मिन्झू' शब्दापाशीच भाषांतरकार अडखळतो. 'राष्ट्र' म्हणावं तर बीजिंगला खपत नाही, 'जमात' म्हणावं तर शिनजियांगमधल्या एक कोटीहून अधिक मुस्लिम उइघुरांना ते फार तोकडं पडतं. बीजिंगच्या एका विद्यापीठानं २००८ साली हा प्रश्नच निकालात काढला: आपल्या इंग्रजी नावातला 'नॅशनॅलिटीज' शब्द काढून सरळ 'मिन्झू' घातला. मीही बहुतेक वेळा तेच करते.

लिपीतही बरंच काही दडलेलं असतं. दक्षिण चीनमधल्या याओ लोकांचं नाव पूर्वी ज्या अक्षरानं लिहीत, त्याच्या डाव्या बाजूला कुत्र्याचं चिन्ह होतं. विसाव्या शतकात ते काढून तिथे माणसाचं चिन्ह आलं, पुढे मौल्यवान जेड दगडाचं. उच्चार तिन्ही वेळा 'याओ'च. जुन्या मजकुरात कुत्रा असला तरी देवनागरीत 'याओ' एवढंच उतरतं. लेखकानं शिवी दिली होती आणि भाषांतरात ती सभ्य झाली! तळटीप द्यावी लागते, तळटिपांचा मला कितीही कंटाळा असला तरी.

आता 'आलाय' नावाच्या लेखकाकडे येते. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या ग्यालरोंग भागातले हे तिबेटी लेखक. लिहितात चिनीत. एका तिबेटी सरदार घराण्यावरची त्यांची कादंबरी १९९८ साली आली, २००० साली तिला चीनचा मानाचा माओ दुन साहित्य पुरस्कार मिळाला. त्यात सरदाराच्या घरी एक दासी आहे. चिनी अक्षरांत तिचं नाव 'सांगजी जुओमा'. तिबेटीत ते सांग्ये ड्रोल्मा. सांग्ये म्हणजे बुद्ध. आणि ड्रोल्मा म्हणजे तारा, आपलीच बौद्ध देवी तारा. हजार-बाराशे वर्षांपूर्वी संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेणाऱ्या भाषांतरकारांनी तिचं नावसुद्धा भाषांतरित केलं होतं. त्या भाषांतरकारांना तिबेटीत 'लोत्सावा' म्हणतात आणि परंपरा तो शब्द 'लोकचक्षु'वरून आला असं सांगते. तारा हिमालय ओलांडून ड्रोल्मा झाली, चिनीत जुओमा झाली आणि इंग्रजीमार्गे परत माझ्या दारात उभी राहिली, ओळखू न येण्याइतकी बदललेली.

मग तिला मराठीत तारा म्हणू का? मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण 'तारा' लिहिलं की ती सदाशिव पेठेतली होते. शिवाय आलाय यांनी चिनी निवडली आहे, त्या निवडीवर मी बोळा फिरवणं बरं नव्हे. मी 'डोल्मा' ठेवलं. आपल्याकडे रुळलेलं रूप आहे आणि त्यात तिबेट ऐकू येतो.

तैवानची गोष्ट निराळी. तिथल्या मूळच्या लोकांना सरकार पूर्वी 'डोंगरी बांधव' अशा अर्थाच्या शब्दानं ओळखायचं. लोकांनी चळवळ केली आणि १९९४ च्या घटनादुरुस्तीत 'युआनझूमिन' हा शब्द आला. शब्दशः अर्थ लावला तर 'मूलनिवासी'. पण महाराष्ट्रात 'मूलनिवासी' म्हटलं की वेगळंच राजकारण वाचकाच्या डोळ्यांपुढे येतं. 'वनवासी' तर 'डोंगरी बांधवां'च्याच जातकुळीतला. मी 'आदिवासी' लिहिते. आपल्याकडे हा शब्द ज्यांचा आहे, तेही त्यासाठी भांडलेले आहेत.

त्यांच्यातले एक लेखक स्यामान रापोंगान, जन्म १९५७. तैवानजवळच्या लान्यू बेटावरचे, ताओ समाजाचे. (हा ताओ चिनी तत्त्वज्ञ लाओत्झूचा नव्हे, इथे 'ताओ' म्हणजे 'माणसं'.) उडते मासे, हातानं बांधलेल्या होड्या, समुद्र हे त्यांचं लेखन. चिनी वाक्यात मध्येच ताओ शब्द येतात आणि चिनी वाचकालाही ठेच लागते; ती ठेच मराठीतही लागली पाहिजे. आता त्यांचं नाव बघा. ताओ लोकांत पहिलं मूल झालं की आईबापांचं नाव बदलतं. मूल 'सी रापोंगान', तर बाप 'स्यामान रापोंगान', आई 'सीनान रापोंगान', आजी-आजोबा 'स्यापेन रापोंगान'. आपल्याकडच्या 'बंडूचे बाबा'सारखंच, पण सरकारी कागदांवरही. तेही सहज नाही झालं. आधी सरकारनं चिनी आडनावं वाटली होती. आणि आपल्या ग्रंथालयाच्या सूचीत हे गृहस्थ कसे जातील? 'रापोंगान, स्यामान'. म्हणजे 'बंडू, चे बाबा'!

छ्र झिजियान या हान लेखिकेनं ईशान्य चीनमधल्या एवेंकी रेनडियरपालकांवर २००५ साली कादंबरी लिहिली. नव्वदीची एक म्हातारी दिवसभर आपली कहाणी सांगते आणि शेवटी म्हणते, माझं नाव मी सांगितलं नाही, मला ते मागे ठेवायचं नाही. तिथे भाषांतरकारानं हात जोडून गप्प बसावं.

पण नाव नसण्याचे प्रकारही सारखे नसतात. उइघुर लेखक पेरहात तुरसुन यांची कादंबरी थेट उइघुरमधून इंग्रजीत आली, २०२२ साली. लेखकाला त्याआधीच चीनमध्ये पकडून नेलेलं होतं. पुस्तकाचे भाषांतरकार दोन. एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डॅरेन बायलर. दुसऱ्याच्या नावाच्या जागी फक्त 'अनॉनिमस' छापलं आहे; तो उइघुर भाषांतरकार २०१७ साली, चीननं उइघुरांना डांबण्यासाठी उभारलेल्या छावण्यांच्या व्यवस्थेत नाहीसा झाला. मराठीत हा शब्द कसा छापायचा? 'अनामिक' म्हटलं की भावगीत वाजायला लागतं. 'निनावी' म्हटलं की पोस्टातून आलेलं तक्रारीचं पत्र आठवतं. दोन्ही शब्द वहीत लिहून ठेवले आहेत, अजून एकही खोडलेला नाही.