शेडखालची जमीन

(दृश्य: वरून दिसणारी विणाईची शेड)

करवतीच्या दातांसारखं हे छप्पर नीट बघा. प्रत्येक दाताची काच उत्तरेकडे तोंड करून बसवलेली. धागा दिवसभर सारख्या उजेडात दिसावा, साच्यांवर, म्हणजे मागांवर, ऊन येऊ नये, म्हणून विणाई खात्याला असं छप्पर घालत. साचे जड, तेही शेकड्यांनी. त्यामुळे खातं तळमजल्यावरच पसरायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शेडच शेड. अंगण म्हणाल तर फाटकाजवळ, भोंगा झाला की पाळी बदलायची तिथं, तेवढंच.

हे छप्पर लक्षात ठेवा. गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागाच्या, जमिनीचा निकाल याच्यावरच लागला.

(दृश्य: बंद फाटक, गंजलेलं कुलूप)

१८ जानेवारी १९८२. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकेक करून थंडावल्या. उरली ती जमीन. सुमारे ६०० एकर, मुंबईच्या ऐन मध्यावर.

(दृश्य: नियमावलीचं पान, त्यावर फिरणारं बोट)

१९९१ची विकास नियंत्रण नियमावली. नियम ५८. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा, तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे पडायचे. एक महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी. एक मालकाला. १९९६मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडाही दिला. परळ स्थानकाबाहेर लोकांसाठी मोकळा चौक असावा, असं त्यात सुचवलं होतं. आराखडा कागदावरच राहिला.

मग २००१ साल. राज्य सरकारनं नियम ५८ बदलला. वाटे तीनच राहिले, पण ते पाडायचे फक्त 'मोकळ्या जमिनीचे'. ज्या जमिनीवर बांधकाम उभं आहे, ती वाटणीतून बाहेर. आणि ते बांधकाम उद्या पाडलं, तरी त्याखालची जमीन मोकळी धरायची नाही.

(दृश्य: पुन्हा तेच छप्पर. त्यावर रेषा आखल्या जातात)

हिशेब करून बघू. समजा, गिरणी १५ एकरांची. त्यातली १२ एकर शेडखाली. जुन्या नियमानं पाच एकर शहराला, पाच एकर घरांना, पाच एकर मालकाला. नव्या नियमानं वाटणीला आले तीनच एकर. शहराला एक, घरांना एक. मालकाकडे तेरा. सुताला उजेड मिळावा म्हणून जी शेड आडवी पसरली होती, तिनंच शहराची बाग झाकून टाकली. आमच्या मते हा बदल चूकच होता, आणि तो विधानसभेपासून वस्तीपर्यंत सगळ्यांना समजेल अशा भाषेत आधी मांडायला हवा होता.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयानं म्हटलं, पाडलेल्या शेडखालची जमीनही मोकळीच. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. २००१चा नियम कायम राहिला.

(दृश्य: काचेचे टॉवर, मॉलची रांग, मध्येच उरलेलं एक धुराडं)

(दृश्य: स्थानकावरची सकाळची गर्दी)

ज्या परळ स्थानकाबाहेर चौक सुचवला होता, त्याला लागूनच असलेल्या एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली.

(दृश्य: म्हातारे हात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून लाल पास)

गिरणी कामगाराला म्हाडाच्या वाट्यातल्या घरासाठी अर्ज करायचा, तर १ जानेवारी १९८२ रोजी आपण गिरणीत होतो, हे दाखवावं लागतं. गिरणीचा लाल पास, तिकीट नंबर म्हणजे कामगाराचा क्रमांक, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, जे सापडेल ते. पासाच्या घड्या फाटल्यात, मागून पट्टी चिकटवलीय. तिकीट नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो.

अर्ज आले सुमारे दीड लाख. २०१२च्या पहिल्या सोडतीत घरं होती ६,९२५.

(दृश्य: पास घडी घालून पिशवीत परत. निवेदन नाही.)