खांबामागचं पाणी

खानापूर. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली मलप्रभा पावसाळ्यात इथं दुथडी वाहते. पुलाच्या या खांबाकडे बघा. पाणी येऊन आदळतं, दोन्ही अंगांनी फुटतं आणि मागे भोवरे सोडत जातं. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पालापाचोळाही त्याच क्रमानं गिरक्या घेतोय.

आता तेच भोवरे लॅपटॉपवर. बेळगावच्या एका कॉलेजातला गणिताचा तास. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. डोक्यात शिरतं ते मॅडम मराठीत सांगतात तेव्हा.

समीकरणं नाविए-स्टोक्सची, म्हणजे पाणी कसं वाहतं ते सांगणारी. कागदावर खांबाभोवतीचं पाणी अनंत पसरलेलं धरतात. त्या अनंतानं स्टोक्सलाही चकवलं होतं. अतिसंथ प्रवाहाची सोपी समीकरणं घेतली, तर लांबलचक गोल खांबासाठी उत्तरच निघत नाही, हे त्यानं 1851 मध्ये दाखवलं. दूरच्या पाण्याचं जडत्व हिशेबात धरून ओसीननं वाट काढली ती 1910 मध्ये.

संगणकाला अनंत परवडत नाही. मॅडम फळ्यावर खांबाभोवती चौकट आखतात. "अगं, आपण इथं कुंपण घातलंय हे पाण्याला कळता कामा नये!"

कळतंच. बाजूच्या कडा जवळ असल्या तर पाणी चेपतं, वेग वाढतो. मागची कड त्याहून त्रासाची. खांबामागे मंदावलेला प्रवाह लवकर सावरत नाही. अंतर चौपट झालं, तरी वेगातली तूट निम्म्यावरच येते. कड लांब न्यायची तरी किती? शिवाय न दबणाऱ्या पाण्यात कडेवरची दाबाची चूक त्याच क्षणी खांबापर्यंत पोचते.

स्क्रीनची उजवी कड बघा. भोवरा तिथं येऊन चपटा झाला. 1976 मध्ये ऑर्लान्स्कीनं सुचवलेला उपाय साधा आहे: कडेवर येणारी हालचाल किती वेगानं येतेय ते आतल्या आकड्यांवरून काढा आणि त्याच वेगानं तिला बाहेर सोडा. पुढच्याच वर्षी एंगक्विस्ट आणि मायडा यांनी लाटा शोषून घेणाऱ्या सीमाअटी, म्हणजे कडेवर लावायचे गणिती नियम, मांडल्या.

अट बदलली. पुढचा भोवरा गोलच्या गोल बाहेर पडला.

अट चुकली, तर खांबावरच्या जोराचा आकडा चुकतो आणि डिझाइन त्याच आकड्यावर बेतलं जातं.

इथला रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पाण्याच्या चिकटपणापुढे त्याचं जडत्व किती पट भारी ते सांगणारा आकडा, फक्त 100. पुलाखाली तो लाखांत जातो. तरी सवय इथंच लागते. विद्यार्थिनी चौकट दुप्पट करून गणित पुन्हा चालवते. दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच वहीत उतरवायचे, असा मॅडमचा नियम आहे.