‘नाही’ला किती क्लिक?

ज्या वस्तूबद्दल आज बोलायचं आहे, तिचा आकार आधी सांगते. एक कुकी म्हणजे वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते तो फार तर ४,०९६ बाइट मजकूर. बहुतेक कुकी एका ओळीतच मावतात. ती प्रोग्राम नाही, स्वतःहून काही करत नाही, तुमच्या फोटोंना हात लावत नाही. कुकीला व्हायरस समजून घाबरणारे लोक मला अजून भेटतात, म्हणून हे सुरुवातीलाच.

मग ती लागते कशाला? कारण वेब मुळात विसरभोळं आहे. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने, म्हणजे साइट जिथून येते त्या कॉम्प्युटरने, दिलं, विषय संपला. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलंत तर सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही परकेच. वाचायला हे चालतं, खरेदीला चालत नाही. टोपलीत वस्तू टाकायची, पुढच्या पानावर जायचं आणि टोपली रिकामी! १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली या प्रोग्रामरपुढे हाच पेच होता. त्याने तोडगा काढला, की सर्व्हरने एक चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि पुन्हा येताना दाखवावी. युनिक्स या संगणक प्रणालीवर काम करणारे अशा चिठ्ठीला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव चिकटलं.

यात एक गोष्ट मुद्दाम ठरवलेली होती. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा नंबर देऊन टाकणं सोपं होतं, पण मग कोणतीही साइट तो वाचू शकली असती. ते टाळलं. ज्याने चिठ्ठी दिली त्यालाच ती परत दिसेल, असा नियम केला. नियम चांगला होता आणि आजही तो कोणी मोडत नाही. मोडायची गरजच पडली नाही.

झालं असं. एखाद्या पानावरचं सगळंच त्या साइटचं नसतं. कोपऱ्यातली जाहिरात तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ती आणताना तुमचा ब्राउझर त्या कंपनीलाही विनंती पाठवतो, आणि तीही आपली चिठ्ठी देते. उद्या तुम्ही दुसऱ्या साइटवर गेलात, तिथेही त्याच कंपनीची जाहिरात आहे. चिठ्ठी तिचीच, म्हणून नियमाप्रमाणे तिलाच दाखवली जाते. अशा हजारो साइटवर ती बसली, की तुम्ही सकाळपासून काय काय वाचलंत याची साखळी तिच्याकडे तयार. हीच ती थर्ड पार्टी कुकी. १९९७ च्या पहिल्या कुकी-मानकातच सुचवलं होतं, की ब्राउझरने असल्या परक्या कुकी आपणहून स्वीकारू नयेत. त्या वेळच्या मोठ्या ब्राउझरांनी ते कानाआड केलं.

संमतीचा प्रश्न इथून सुरू होतो. युरोपीय संघाने २००२ मध्ये ई-प्रायव्हसी निर्देश आणला. त्यात माहिती देणं आणि नकाराची सोय ठेवणं पुरेसं होतं. २००९ च्या दुरुस्तीने ते उलटवलं, आता आधी विचारायचं आणि मगच कुकी ठेवायची. मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला आणि संमती कशाला म्हणायचं तेही कडक झालं. तरी साइट उघडताच कुकींना परवानगी मागणारी ती पट्टी, म्हणजे ‘बॅनर’, लावा असं यातल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. टोपली, लॉगिन अशा, तुम्ही मागितलेल्या कामाला अत्यावश्यक असलेल्या कुकींना संमती लागतच नाही. साइट तेवढ्यावर थांबली तर बॅनरची गरज नाही. बॅनर दिसला, की या साइटला त्यापलीकडे काहीतरी हवं आहे, असं मी धरून चालते.

आपल्याकडे म्हणतात, मौनं संमतिलक्षणम्. बरीच वर्षं साइटही तेच म्हणत होत्या. ‘ही साइट वापरत राहिलात म्हणजे तुम्ही मान्यता दिली’ हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. चौकटीत आधीच टिक करून ठेवायची हा त्याचाच भाऊ. प्लॅनेट४९ नावाच्या जर्मन लॉटरी साइटच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला सांगितलं, की आधीच केलेली टिक म्हणजे संमती नव्हे.

टिक गेली, मग क्लिक मोजायची वेळ आली. मी स्वतः साइटवर बॅनर बसवून दिलेले आहेत, त्यामुळे आतली गंमत सांगते. एका ग्राहकाचा प्रश्न कायद्याबद्दल नव्हताच. ‘नको’चं बटण थोडं फिकट करता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं. परवा दुसऱ्या एका साइटवर मी मोजलं. ‘ॲक्सेप्ट ऑल’ ठळक निळं, एका क्लिकचं काम. नकारासाठी आधी ‘मॅनेज’ ही बारीक राखाडी अक्षरं शोधा, मग कुकी ठेवू पाहणाऱ्या कंपन्यांची यादी उघडते. यादीतली सगळी बटणं बंद दिसली म्हणून मी खूश झाले, तर शेजारी ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ नावाचा वेगळा टॅब! त्यात त्याच कंपन्या, सगळी बटणं चालू. म्हणजे इथे विचारलेलंच नाही, आमचं हित न्याय्य आहे असं त्यांनीच ठरवून टाकलं. हा टॅब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने नेमकं हेच धरलं. होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला अनेक क्लिक, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये गूगलला एकूण १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर झाला. त्यानंतर काही महिन्यांतच गूगलने युरोपात ‘रिजेक्ट ऑल’ पहिल्याच पडद्यावर आणलं. इतकी वर्षं जे जमत नव्हतं, ते जमलं.

घरी करून बघण्यासारखं एक सांगते. कॉम्प्युटरवर एखाद्या साइटच्या कुकी पुसा. ती पुन्हा उघडा, पण बॅनरला हात लावू नका. ब्राउझरमध्येच ‘डेव्हलपर टूल्स’ नावाचं, साइटची आतली बाजू दाखवणारं साधन असतं, त्यात कुकींचा तक्ता दिसतो. नाव, मूल्य, डोमेन, मुदत. नावांकडे बघू नका, ती काहीही असतात. डोमेनचा, म्हणजे कुकी कोणाची आहे त्या पत्त्याचा, रकाना बघा. तिथे आत्ताच एखाद्या जाहिरात कंपनीचा पत्ता दिसला, तर तुम्ही हो-नाही म्हणण्याआधीच काम उरकलेलं आहे. बॅनर नुसता शोभेचा.

ब्राउझरांनीही हातपाय हलवले. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ओळखीच्या ट्रॅकरच्या, म्हणजे माग काढणाऱ्या कंपन्यांच्या, कुकी अडवल्या, सफारीने २०२० मध्ये परक्या कुकी सरसकट बंद केल्या. गूगलच्या क्रोमने त्याच वर्षी बंद करण्याची घोषणा केली आणि २०२४ मध्ये मागे घेतली. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीचा ब्राउझर म्हटल्यावर मला त्यात नवल वाटलं नाही.

मघाशी एका काकांनी विचारलं होतं, ‘मी रोज नाही म्हणतो, तरी तीच साइट रोज का विचारते?’ काका, ब्राउझर बंद करताना सगळ्या कुकी पुसल्या जातील अशी सोय तुम्ही केली आहे ना? मग तुमचं ‘नाही’सुद्धा पुसलं जातं. ते एका कुकीतच लिहून ठेवलेलं असतं. पुसण्याच्या सेटिंगमध्ये त्या साइटला अपवाद करा, म्हणजे काही महिने तरी विचारणार नाही.