माप सांगा, भाऊ

(महाल, बडकस चौकापासून आत जाणारी गल्ली. सकाळ. दुकानाचं शटर वर जातंय.)

हा घर्रर्र आवाज आधी नीट ऐका, कारण ह्या आवाजासाठी मी दोन महिने नागपूरभर फिरलोय. आईचा सुमित मिक्सर आहे हा. माझ्याहून वयाने मोठा. ह्याच्यावर आमच्या घरी वडाभाताच्या डाळी भरड झाल्या, जवसाची चटणी झाली, आणि दर दिवाळीच्या आधी सावजीचा मसाला, म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, धने, काळी मिरी, सगळं कोरडं, एकामागून एक भांडं. तर त्याच मसाल्याच्या दिवशी आतून निळ्या ठिणग्या दिसल्या, जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला.

पहिल्या दुकानात सांगितलं पार्ट येत नाही. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तर उघडून पण पाहिलं नाही, नवीन घ्या म्हणे, एक्स्चेंजमध्ये इतके कमी करून देतो. आई तिथल्या तिथे मिक्सर पिशवीत घालून बाहेर आली. काही बोलली नाही, पण मला तिचा चेहरा बघवला नाही.

ह्या मिक्सरची गोष्ट पण सांगायला पाहिजे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर म्हणून सीमेन्समधले एक इंजिनिअर होते, त्यांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, जळला. तेव्हा त्यांनी आपल्याच स्वयंपाकघरासाठी मोटर डिझाइन करायला घेतली आणि त्यातून सुमित आला. हळद, खोबरं, भिजवलेले तांदूळ हे वाटायचंय हे डोक्यात धरून केलेली मशीन आहे ही. म्हणून तर इतकी वर्षं चालली.

(दुकान आतून. भिंतीवर तारेला ओवलेले कपलर, डब्यांत कार्बन ब्रश.)

हे मिस्त्री काका. नाव सांगू नका म्हणाले, गर्दी होते म्हणे. त्यांनी मिक्सर हातात घेतला, उलटा केला, शाफ्ट बोटाने हलवून पाहिला आणि मला विचारलं, "कुठंकुठं फिरले?" मी सांगितलं सगळीकडे सुमितचा कार्बन आणि बुश मागितला, कोणाकडेच नाही. तर म्हणाले, "नावानं काहून मांगून राहिले बापा? माप सांगा ना, भाऊ."

आणि खरंच, हे एक वाक्य मला दोन महिने आधी कोणी सांगितलं असतं तर!

म्हणजे बघा, मिक्सरची मोटर मोकळी फिरली तर मिनिटाला 18,000 च्या आसपास फेरे घेते. तिला वीज पोचवतात दोन छोट्या कार्बनच्या वड्या, मागून स्प्रिंग त्यांना कॉम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, दाबून धरते. वडी झिजून आखूड झाली की स्प्रिंगचा जोर पोचत नाही, मग ठिणग्या, मग कॉम्युटेटर काळा, आणि लोकांना वाटतं मोटर गेली. मोटर नसते गेलेली बहुतेक वेळा. त्या मापाची वडी नसेल तर काका जरा मोठी घेतात, तीच ड्रिल मशीन-ग्राइंडरच्या डब्यातून, आणि पॉलिश पेपरवर घासून घासून बसवतात. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावतात, परत घासतात, परत लावतात. वडी तिच्या खोबणीत अलगद सरकली पाहिजे पण डुगडुगायला नको. शेवटी तिचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला जुळवतात. हे काम मी अर्धा तास बघत बसलो, चहा थंड झाला.

कपलरचं पण तसंच. ते रबरी चाक खाली मोटरच्या टोकाला असतं ते. नावाने मिळत नाही, पण दात किती, आटे कोणते, भोक किती हे सांगितलं की भिंतीवरच्या माळेतून निघतं. तुम्ही घरी खोलणार असाल तर एक लक्षात ठेवा, आटे कुठल्या दिशेने सुटतात ते आधी बघा, जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवलं की शाफ्टचे आटेच जातात, मग खरं संकट. आणि प्लग काढून, बरं का.

राहिला बुश. शाफ्ट ज्याच्यात फिरतो ती पितळी दिसणारी बांगडी. तो नाहीच मिळाला. मग लेथवाल्याकडे गेलो, गनमेटलचा तुकडा लावला, शाफ्टचं माप घेऊन नवीन बनवला, भोवती तेलात भिजवलेलं फेल्ट, म्हणजे जाड लोकरीचं कापड. बेअरिंगवाली मशीन असती तर हे पण नसतं लागलं, कारण बेअरिंगवर नंबर असतो, 608 म्हटलं की आतून 8, बाहेरून 22, जाडी 7 मिलिमीटर, मग ते इतवारीत घ्या नाहीतर जगात कुठेही. कंपनी बंद होऊ शकते, माप कसं बंद होईल?

(टेबलावर ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी.)

हा ओव्हन ओळखला असेल तुम्ही. नानकटाई, केक, ढोकळ्याचे पण प्रयोग ह्याच्यात. आत नायक्रोमची कॉइल, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, तापला की त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तारेला पुढे जळू देत नाही. कॉइल आजही वॅटवर मिळते, तेवढ्याच वॅटची घ्यायची. ताणताना मात्र सगळीकडे सारखी, जिथे वेढे दाटीने राहिले तिथेच आधी तुटते. काका चिनीमातीचे मणी जुन्या ओव्हनमधले काढून वेगळे जपून ठेवतात, तारेवर ओवायला, मोत्यांसारखे ठेवलेत डबीत. जुनी सुती कव्हरची वायर मात्र ते सरळ काढून टाकतात आणि अर्थिंगची तीन पिनांची लावतात, तिथे जुन्याची माया नाही.

बाजूला तो पितळी पंपाचा स्टोव्ह आहे ना, 1892 मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट ह्यांनी काढलेल्या प्रायमसच्या जातीचा. त्याचा पंप हवा धरत नाही म्हणजे चामड्याचा वायसर वाळलाय. तेलात भिजत ठेवला की परत फुगतो. नाहीच फुगला तर जाड चामड्यातून नवीन कापायचा, वाटीसारखा वळवायचा.

पण एका बाबतीत काका कोणाचंच ऐकत नाहीत. कुकर. एक ताई माझ्यासमोर आल्या, सेफ्टी व्हॉल्व्ह मिळत नाही, दुसरं काही तरी बसवून द्या म्हणाल्या. काकांनी कुकर परत हातात दिला. त्या व्हॉल्व्हच्या आत कमी तापमानाला वितळणारा धातू असतो, पाणी संपून कुकर फार तापला की तो वितळून वाफ बाहेर सोडतो. तिथे जुगाड केला तर तो स्फोटाचा जुगाड. "ताई, कंपनीचाच आणा, नाही भेटला तर त्याच्यात तांदूळ भरून ठेवा," इतकंच बोलले. मला हा माणूस तिथे पूर्ण कळला.

(आमचं घर, धरमपेठ. स्वयंपाकघर.)

मिक्सर सुरू झाला. आईने आधी नुसतंच खोबरं घातलं, थोडंसं, हात भांड्यावर ठेवून ऐकत उभी होती. मग म्हणाली आवाज जरा मोकळा झालाय आधीपेक्षा. बुश नवीन आहे ना.

फक्त स्पीडचं काळं बटण राहिलंय, ते चिरलेलं होतं, फिरवताना हातात आलं. आत इंग्रजी डी सारखं चपटं भोक, त्या मापाचं काळं कुठेच नाही. काकांनी दुसऱ्या कोणत्या तरी मशीनचं पांढरं लावून दिलंय. मी म्हटलं आई, शोधतो मी अजून, येत्या रविवारी परत जातो.

"राहू दे पांढराच," आई म्हणाली, "लाइट नसली तरी दिसते."