उसाचं चिपाड आणि इंग्रजीतले चार शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कराड भागात दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकावे लागतात. चिमणीतून उडालेली काजळी त्यांवर बसलेली असते. चुकून हात फिरवला, तर पांढऱ्या सदऱ्यावर काळी रेघ. ही काजळी उसाच्या चिपाडाची. रस काढून उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून कारखाना आपली वीज करतो आणि शिल्लक राहिलेली विकतो.

मी इंग्रजी शिकवतो. दहावीतल्या एका मुलीनं निबंधात या विजेला 'क्लीन एनर्जी' म्हटलं. मी तिथे 'रिन्यूएबल' लिहिलं. ती म्हणाली, "सर, दोन्ही एकच ना?"

एक नाहीत. रिन्यूएबल म्हणताना आपण विचारतो, साठा पुन्हा भरतो का? ऊस तोडला तरी खोडवा फुटतो, म्हणून चिपाड रिन्यूएबल. क्लीन म्हणताना विचारतो, वापरताना घाण किती होते? अणुवीज धूर सोडत नाही, म्हणून पुष्कळ जण तिला क्लीन म्हणतात. पण युरेनियम जमिनीत पुन्हा तयार होत नाही. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना मात्र दोन्ही शब्द लागू पडतात, आणि म्हणूनच आपली गल्लत होते.

तिसरा शब्द सस्टेनेबल. इथे विचारतो, असंच वापरत राहिलो तर पुढेही पुरेल का? माझी आजी डोंगरातून सरपणाची मोळी आणायची, ती वाळक्या काटक्यांची. ओल्या फांदीला ती कोयता लावत नसे. लाकूड रिन्यूएबल आहेच, पण सगळ्या गावानं उभी झाडं तोडायला सुरुवात केली तर चार वर्षांत डोंगर बोडका होईल. म्हणजे हा शब्द लाकडापेक्षा आपल्या तोडण्याला लागतो. मला या चारांतला हाच सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि जाहिरातींनी सर्वांत झिजवलेलाही हाच. चुलीच्या धुरानं आजीचे डोळे कायम लाल असायचे, तेव्हा तिथे क्लीन म्हणायची सोय नाही.

आणि चौथा, नॉन-कन्व्हेन्शनल, आपला 'अपारंपरिक'. तो फक्त एवढंच सांगतो की ही रीत रुळलेली नाही. दिल्लीतल्या मंत्रालयाच्या नावातही १९९२ पासून हाच शब्द होता. २००६ मध्ये तो जाऊन 'न्यू अँड रिन्यूएबल' आलं. मला तो बदल योग्य वाटतो. वारा काय काल वाहायला लागला?

आपल्या कोयनेचंच बघा. १९६० मेगावॅटचा प्रकल्प, पावसाच्या पाण्यावर चालणारा, धरण दर पावसाळ्यात भरतं. तरी सरकारी हिशेबात २५ मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्पच रिन्यूएबल धरले जायचे. मोठ्या प्रकल्पांना तो शब्द मिळाला मार्च २०१९ मध्ये. पाणी तेच, भिंत तीच. त्यामुळे जुना अहवाल इंग्रजीत वाचताना आधी साल बघावं.

त्या मुलीनं वाक्य पुन्हा लिहून आणलं: 'बगॅस इज रिन्यूएबल, बट इट इज नॉट क्लीन.' आणि कारण म्हणून खाली एक ओळ स्वतःची, आई दोरीवरचे कपडे दोनदा धुते, अशी. त्या ओळीत मी काहीच खोडलं नाही.

नमस्कार.