मांडवात खंड्या: छोट्या, कमी खर्चाच्या लग्नात घरच्या कुत्र्याला कसं न्यायचं?

[हातात कापडाचा छोटा शेला]

हा शेला बघा. वीतभर रुंद, हिरव्या खणाचा काठ, आतून आजोबांच्या जुन्या धोतराचं मऊ कापड. बहिणीच्या लग्नात ब्लाऊजचा खण थोडा उरला होता, त्यातून आईनं एका रात्रीत शिवला. ह्या कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे, तीनदा धुतला तरी गेला नाही. आणि इथं शिवणीत हे दोन तांबूस केस अडकलेत ना, ते आमच्या खंड्याचे.

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून बोलतेय. बरेच दिवस तुमच्यातले कितीतरी जण विचारताय, "ताई, लग्न घरच्या घरी, चाळीस-पन्नास माणसांत करायचं ठरलंय. कुत्र्याला न्यायचं का? आणि न्यायचं तर कसं?" आज त्यावर सगळं सविस्तर सांगते. आमच्या घरी हे एकदा चुकलं आणि एकदा जमलं, दोन्ही सांगते.

आधी चुकलेलं. खंड्या गावठी. बहिणीनं त्याला पिल्लू असताना भर पावसात रंकाळ्याच्या कडेनं उचलून आणला होता. तिच्या साखरपुड्याला आम्ही हौसेनं त्याला अंगणात, मांडवाच्या खांबाला बांधला. गळ्यात झेंडूचा हार घातला. सगळे फोटो काढत होते आणि तो सारखा जांभया देत होता, ओठ चाटत होता. आम्हाला वाटलं, झोप आली असेल. पाहुणे आले आणि दारात हलगी-घुमकं सुरू झालं. पहिली थाप पडली तशी त्यानं मान आत ओढली, पट्टा सोडवला आणि गेला. साखरपुडा राहिला बाजूला, निम्मं घर गल्लीबोळ पालथे घालत होतं. दोन तासांनी एका उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. पंजे खरचटलेले, अंग थरथरत होतं. बहीण शालू नेसलेली तशीच रस्त्यावर बसली त्याला घेऊन.

जांभई, ओठ चाटणं, शेपटी पायात घालणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत बघणं, गरम नसताना धापा टाकणं: कुत्रं घाबरलंय हे त्याच्या अंगावर आधी असं दिसतं. भुंकणं, पळणं नंतर येतं. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्याला ४५,००० च्या आसपासचाही येतो. आपल्याला जो ताशा अंगात आणतो, तो त्याला किती टोचत असेल बघा.

त्या दिवसानंतर बहिणीनं ठरवलं, खंड्या लग्नात असेल, पण लग्न त्याला झेपेल तेवढंच त्याच्या वाट्याला येईल. मी आज जे काही सांगणार आहे ते सगळं ह्या एका वाक्यातून आलंय.

तर झेपतं किती? आपल्या लग्नाचा क्रम डोळ्यासमोर आणा. मंगलाष्टकं चालू आहेत, माईकवर आवाज चढत चाललाय, शेवटचं "शुभमंगल सावधान" होतं, आंतरपाट खाली येतो आणि त्याच क्षणी ताशा, सनई, टाळ्या, अक्षतांचा पाऊस, "वाजवा रे वाजवा", लहान पोरांचा कल्ला. सगळा गलका एका क्षणात. फोटोत हाच क्षण सगळ्यांना हवा असतो आणि कुत्र्यासाठी हाच सगळ्यात वाईट. म्हणून आंतरपाटाच्या वेळी कुत्रं मांडवात नको. नवरीला मामा घरातून मांडवाकडे घेऊन येतो ना, ती चाल त्याची. खंड्या बहिणीच्या डाव्या बाजूला, दोरी माझ्या चुलत भावाच्या हातात, घराच्या ओट्यापासून बोहल्यापर्यंत. सात-आठ मिनिटं. पाटाशी आल्यावर तिनं वाकून त्याच्या पाठीवरच्या ह्या शेल्याला हळदीचं बोट लावलं, तोच हा डाग. मग तो सरळ मागच्या खोलीत, पंखा चालू, दार बंद, आपल्या नेहमीच्या गोधडीवर. जेवणं उरकल्यावर, वाजंत्री गेल्यावर परत आला आणि निवांत फोटो झाले.

छोट्या लग्नाचा खरा फायदा इथं आहे. मोठ्या कार्यालयात एक लग्न बाहेर पडतंय तोवर दुसरं आत येतं, तिथं कुत्र्यासाठी कोण थांबणार? आमचं लग्न वडणग्याला आत्याच्या मळ्यात झालं. कायदेशीर काम आधीच नोंदणी कार्यालयात उरकलं होतं. विशेष विवाह कायदा, १९५४ चा, त्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. तिथं कुत्र्याचं काही काम नाही, तो घरीच होता. पण हे झालेलं असल्यामुळं मळ्यातला कार्यक्रम आमच्या सोयीनं ठेवता आला. फेब्रुवारी महिना, सकाळी साडेनऊ, आंब्याखाली.

महिना आणि वेळ, ह्यावर थोडं थांबते. आपल्याकडं लग्नं निघतात एप्रिल-मे मध्ये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून थोडा येतो, बाकी सगळं काम धापांवर. त्याचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. त्यात फरशी तापलेली. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर दुपारच्या उन्हात अजिबात काढू नका, जिवावर बेतू शकतं. आणि मे मधल्या संध्याकाळचा मुहूर्त म्हणाल तर आपल्या कोल्हापुरात चार वाजले की वळीव कधी येईल सांगता येत नाही. गडगडाट झाला की मागचं सगळं पुन्हा. माझं ऐकाल तर सकाळचा मुहूर्त धरा.

कार्यालयातच करणार असाल तर एक गोष्ट लिहून घ्या. ओळखीतल्या एका लग्नात कार्यालयवाले तोंडी "आणा की, काय होतंय" म्हणाले होते. लग्नादिवशी दारावरच्या माणसानं अडवलं आणि ती लॅब्राडोर कारमध्ये बसून राहिली. कुणीतरी वेळेत बघितलं म्हणून निभावलं. बंद गाडी सावलीतसुद्धा थोड्याच वेळात भट्टी होते. तेव्हा बुकिंगच्या पावतीवरच "पाळीव कुत्र्यासह" असं लिहून सही घ्या, आणि आदल्या दिवशी दारावरच्या माणसालाही सांगून ठेवा.

आता माणूस. ज्याला त्या दिवशी दुसरं कुठलंच काम नाही असा एक माणूस फक्त कुत्र्यासाठी हवा. नवरीचा भाऊ नको, त्याला शंभर कामं असतात. फोटो काढणारा तर नकोच. आमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा खंड्याला रोज फिरवायचा, त्याला आधीच विचारून ठेवलं. मांडवातली चाल झाली की भावानं दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं खंड्यासोबत मागच्या खोलीत बसून राहायचं, पाणी दाखवायचं, बाहेर फिरवून आणायचं. त्याला नवा शर्ट केला आणि पाचशे रुपये दिले. त्याचं ताट मी स्वतः वाढून आत नेलं. दोन दिवस आधी तो आणि खंड्या मळ्यावर जाऊन आले होते. सगळीकडं हुंगून झालं, खोली बघून झाली, गोधडी तिथं टाकून झाली. लग्नादिवशी जागा ओळखीची होती.

दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, छातीभोवतीचा हार्नेस घ्या. खंड्यानं मान आत ओढून सुटका केली होती हे आठवा. हार्नेस आणि अंग ह्यांच्यामध्ये आपली दोन बोटं जावीत इतपत सैल. सहाशे रुपये गेले, आणि कुत्र्यावरच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा हाच. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला असू दे. रेबीजची लस वेळेत झालेली असू दे, पाहुण्यांत लहान मुलं असतात.

कपड्यांचं सांगते. मुंडावळ्या नकोत. मोत्याची सर तुटली की तो गिळतो. फेटाही नको, कान झाकले की बिचाऱ्याला काही सुचत नाही. हा शेला आम्ही हार्नेसवर दोन गाठींनी बांधला होता, ओढला तर सुटेल असा.

[पडद्यावर: शेल्याची गाठ, अगदी जवळून]

कुंकू आणि गुलाल अंगावर नको. बाजारातल्या रंगात काय असतं ठाऊक नसतं आणि तो चाटल्याशिवाय राहत नाही, डोळ्यात-नाकात जातो तो वेगळा. फुलांत कण्हेर आणि बिट्टी बाजूला काढा, दोन्ही विषारी. झेंडू, गुलाब चालतात. परदेशी व्हिडिओत कुत्र्याच्या गळ्यात अंगठीची पिशवी दिसते, ते बघून कुणीतरी मंगळसूत्र बांधायचं म्हणत होतं. नको. सोनं घेऊन तो ऊसात शिरला तर काय करणार?

आता सगळ्यात जास्त काळजीचं, पंगत. आपलं जेवण म्हणजे कांदा-लसणाची चटणी, तांबडा-पांढरा रस्सा, मसालेभात. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, तोवर आपण लग्नाच्या धामधुमीत विसरलेलो असतो. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडावर जातात. शेजारी सांगली-तासगावचे बेदाणे आपल्या घरात नेहमीचेच, त्यामुळं कुणाच्या ध्यानातही येत नाही. चॉकलेटचा केक नको. आणि शिजवलेलं हाड! कच्च्यापेक्षा शिजलेलं हाड ठिसूळ होऊन फुटतं, त्याचे भाले होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. पाहुणे प्रेमानंच टाकतात हो, "घे रे बाळा" म्हणून. वाईट कुणाच्याच मनात नसतं. म्हणून फोडणी पडायच्या आधी आचाऱ्याकडून बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि भात एका डब्यात काढून घेतला, आणि जेवणाच्या जागेजवळ आत्याच्या हस्ताक्षरात पाटी लावली, "खंड्या जेवलाय. त्याला काही देऊ नका." ह्या पाटीचा फार उपयोग झाला. काही खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, काय खाल्लं, किती खाल्लं ते घेऊन सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडं.

शांत राहावा म्हणून माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणारेही आहेत. कृपा करून असलं काही करू नका. फारच घाबरट कुत्रं असेल तर डॉक्टरांना दोन-तीन आठवडे आधी भेटा, औषध द्यायचंच असेल तर ते आधी घरी एकदा देऊन बघायला सांगतात.

आत्यावरून आठवलं. सुरुवातीला विरोध तिचाच होता. "अगं, देवाधर्माचं कार्य, आणि कुत्रं मांडवात?" आमच्या बाबांनी वाद घातला नाही. आत्याच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, नरसोबाच्या वाडीहून आणलेली. बाबा एवढंच म्हणाले, "आक्का, दत्ताच्या पायाशी चार श्वान आहेत. आपल्याकडं तर एकच आहे." आत्या काही बोलली नाही. लग्नादिवशी ती पाटी तिनं स्वतः लिहिली. मात्र ज्यांना खरंच भीती वाटते किंवा केसांची ॲलर्जी असते, त्यांना हे सांगून पटवू नका. पत्रिका देतानाच फोनवर सांगा, कुत्रं केव्हा असेल आणि कुठून जाईल. आमच्या दोन पाहुण्यांनी तेवढा वेळ मागची खुर्ची पसंत केली, झालं.

आणि काही कुत्र्यांना नेऊच नका. म्हातारं, आजारी, माजावर आलेली मादी, अनोळखी माणसाला चावलेलं, एवढी तयारी करूनही गर्दीत बिथरणारं. त्यांच्यासाठी लग्नाच्या आदल्या दिवशी घरीच नवरा-नवरीनं साध्या कपड्यांत फोटो काढावा. मला तर तसलेच फोटो जास्त आवडतात.

शेवटचं, पाठवणीचं. ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. नवरी जाते आणि कुत्रं माहेरी राहतं. बहीण इचलकरंजीला गेली, तिच्या सासरी जागा लहान, खंड्या आमच्याकडंच राहिला. दोन दिवस त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. रात्री साडेआठ वाजले, म्हणजे तिची कामावरून यायची वेळ झाली, की दारात जाऊन बसायचा. मग तिच्या पलंगाखाली पडलेली ओढणी आईनं त्याच्या गोधडीवर टाकली. त्यावर नाक ठेवून झोपला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जेवला. तेव्हा लग्नाच्या गडबडीत नवरीच्या अंगावरचं एखादं रोजचं कापड बाजूला काढून ठेवा. धुवायला मात्र टाकू नका.